आभाराला कोण थांबतं?

रविवार, १० मे २०२०

जगावर महामारी आली आहे, ते मला मान्य आहे. शाळा बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण आज संध्याकाळी सहा चाळीसला माझ्यावर जो अन्याय झाला, तो कुठल्याही सरकारी पत्रकात येणार नाही. म्हणून त्याची नोंद या वहीत करून ठेवतो. पुढच्या पिढ्यांना कळलं पाहिजे.

आमच्या विचारमंथन सांस्कृतिक मंडळाचं पहिलं ऑनलाइन व्याख्यान आज झालं. गेली बावीस वर्षं मी या मंडळाचा आभारप्रदर्शक आहे. नांदेडात काही लोक मला भूगोलाचा शिक्षक म्हणून ओळखतात, पण ते बिचारे माझे विद्यार्थी. बाकी गावाला मी 'आभारवाले सर'. वक्ते बदलतात, पाहुणे बदलतात, शाली फिरून फिरून त्याच येतात. पण शेवटचा माणूस मी. एकदा उभा राहिलो की सतरा-अठरा मिनिटं. अध्यक्ष, पाहुणे, देणगीदार, पत्रकार, सतरंजी टाकणारे, ध्वनिव्यवस्था चंद्रप्पा साऊंड सर्व्हिस, आणि शेवटी 'ज्यांची नावं अनवधानानं राहिली असतील ते सर्व'. कुणी सुटत नाही.

आज दीपप्रज्वलन पाच घरांत एकदम झालं. चार घरांत वाती पेटल्या. आमचे अध्यक्ष बापूसाहेब पंखा चालू ठेवून काड्या ओढत राहिले, आणि बासष्ट माणसं श्वास रोखून एक म्हातारा किती काड्या वाया घालवतो ते बघत राहिली. ईशस्तवन चार भगिनींनी आपापल्या घरून म्हटलं. नेटवर्क येईल तशी एकेक भगिनी पोचत गेली. चौथी आली तेव्हा सूत्रसंचालिका 'किती सुंदर' म्हणून मोकळी झाली होती. वक्ते लातूरचे. त्यांचा सत्कार लातुरातच, त्यांच्याच बायकोनं, त्यांच्याच घरची शाल त्यांच्या खांद्यावर टाकून केला. बाईंच्या चेहऱ्यावरून वाटलं, नारळ बघून त्यांना चटणीची आठवण झाली असावी.

मग मी. घसा साफ केला, म्हणालो, "सर्वप्रथम..."

पडदा काळा.

"बाबा, फुकटचं अ‍ॅप आहे ते," मनस्विनी म्हणाली. ही माझी मुलगी. लातूरचं होस्टेल बंद झालं म्हणून बारावीचा अभ्यास घरी करते, आणि मंडळाची तांत्रिक बाजू सांभाळते. "चाळीस मिनिटं झाली की सगळ्यांना बाहेर काढतं."

"आणि आभार?"

"फुकटात आभार बसत नाहीत."

आठ वाजता चंद्रप्पाचा फोन. आमच्या सगळ्या कार्यक्रमांना माईक लावणारा तो हाच. "सर, तुमच्या आभाराला थांबलो व्हतो. फोनच काळा पडला. बिघडला म्हून चारदा बंद करून चालू केला."

म्हटलं, फोन नाही बिघडला, काळ बिघडला. वाक्य बरं झालं. त्याला समजलं नाही बहुधा.

मंगळवार, १२ मे

कार्यकारिणीची बैठक, तीही चाळीस मिनिटांत. मी मागणी केली की आभार सुरुवातीला घ्यावेत. बापूसाहेब म्हणाले, "व्यंकटराव, जेवायच्या आधी ढेकर देतेत का?"

शेवटी तडजोड: चाळीस मिनिटं संपली की दुसरी लिंक पाठवायची. ज्यांना आभार ऐकायचे त्यांनी परत यायचं.

मनस्विनी खुर्चीत वळून माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत जे होतं त्याला आमच्या वेळी दया म्हणत.

रविवार, ७ जून

दुसरी लिंक. सात माणसं आली. बापूसाहेब (त्यांना बंद करता येत नव्हतं), तिघे कार्यकारिणीचे, शेजारच्या खोलीतून आमची सौ. शिल्पा, एक अनोळखी बाई (ती योगाचा वर्ग समजून आली होती आणि 'चटई कुठंय' विचारून गेली), आणि चंद्रप्पा.

तरी मी हात आखडता घेतला नाही. एकोणीस मिनिटं. स्वतःचा उच्चांक. नव्या युगाप्रमाणं यादीही बदलली: सतरंजीवाले गेले, हॉलचे व्यवस्थापक गेले, ध्वनिव्यवस्था गेली. त्यांच्या जागी इंटरनेटवाले, वीज कंपनी, लिंक पाठवणारी आमची कन्या. माईकच नाही तर माईकवाल्याचे आभार कसे मानणार? मी तत्त्वाचा माणूस आहे.

नंतर चंद्रप्पाचा फोन. "ब्येस झालं सर. समदे आले आभारात. वीजवालेबी आले."

"कुणी राहिलं का रे?"

"न्हाई न्हाई. बरोबर हाय." लगेच विषय बदलला. "आवाज लई घुमून राहिला पण. बिनपडद्याची खोली हाय का?"

माणूस नुसतं चुका काढायला फोन करतो. शिल्पाला हे सांगितलं तर ती भाजी निवडताना म्हणाली, "त्यांना काम आहे का काही, मार्चपासून?"

मी म्हणालो, लग्नं बंद, सभा बंद, कसं असेल? ती भाजी निवडत राहिली. हल्ली ती अशी अर्ध्यातच गप्प होते.

शनिवार, ११ जुलै

उद्याचं व्याख्यान मोठं आहे. लातूर, उदगीर, नायगावहून लोक जोडले जाणार. मागच्या वेळी माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला म्हणे. मी चंद्रप्पाला म्हणालो, बघ बाबा काही जमतं का. तो स्कूटरवर जुना मोठा माईक, एक पेटी आणि दोन वाकळी घेऊन आला. तोंडाला गमछा बांधलेला. आत यायला तयार नाही, "तुमच्या घरी म्हाताऱ्या सासूबाई हायेत" (शिल्पाची आई मार्चपासून आमच्याकडंच आहे) म्हणाला आणि दारातूनच मनस्विनीला सांगत राहिला: खिडकीला वाकळ टांग, दुसरी दाराला, माईक तोंडाच्या समोर नको, जरा बाजूला, असा. तासभर उन्हात उभा. शिल्पानं ओसरीवर चहा नेऊन ठेवला.

आवाज खरोखर असा आला की मलाच माझ्याविषयी आदर वाटला.

मी म्हणालो, "चंद्रप्पा, आवाज मुळातच चांगला आहे म्हणा. बावीस वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत जातोय."

तो हसला. "तसं न्हाई सर. तुमच्या टायमाला लोकं उठून राहतेत, खुर्च्या वाजतेत. म्हून मी तुमच्या आभाराला आवाज दोन घर वाढवीत असतो. पयल्यापासून."

हे तो दारात उभा राहून, शिल्पा आणि मनस्विनीसमोर बोलला. मनस्विनी हसू दाबायला वाकळीआड गेली.

रविवार, १२ जुलै

व्याख्यान उत्तम. 'आवाज किती स्वच्छ' असे सोळा संदेश आले. वक्त्यांनी विचारलं, स्टुडिओत आहात का?

दुसऱ्या लिंकवर माझे आभार झाले. चंद्रप्पाचं नाव यादीत लिहिलं होतं, वाचताना घेतलं नाही. कारण लिहून ठेवतो, वही माझीच आहे: मला कालचं ते 'दोन घर' लागलं होतं. शिवाय घरातल्या माणसाचे आभार मानत नसतात. हे कारण जास्त चांगलं आहे. कुणी विचारलं तर हेच सांगायचं.

कुणी विचारलं नाही. चंद्रप्पा शेवटपर्यंत होता; त्याच्या नावाची चौकट सगळ्यांत शेवटी गेली.

सोमवार, २४ ऑगस्ट

गणपती बसून दोन दिवस झाले. यंदा मंडप नाही, आरास नाही. आमच्या मंडळाची आरती ऑनलाइन. टाळ्या प्रत्येकाच्या घरी वेगळ्या वेळी पडत होत्या. गणपतीला वाटलं असेल पाऊस लागला.

चंद्रप्पा माईकची पेटी न्यायला आला. माईक मात्र 'तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, कामाला येतो' म्हणून ठेवून गेला. म्हणाला, "सर, आमचं वर्ष गणपतीच्या दहा दिसावर आसतंय. तुम्हाला काय वाटतं, हॉलमधी कार्यक्रम कधी व्हतील? तुम्ही सांगा, तुमच्या सांगण्यावर मी ठिवतो सामान."

आता हा प्रश्न मला का विचारावा? मी काय आरोग्यमंत्री? पण श्रोता समोर आला की मला आवरत नाही. म्हणालो, "चंद्रप्पा, हॉल आता विसर. माणूस घरात बसून सगळं बघायला शिकला. तुझे भोंगे आता वस्तुसंग्रहालयाला देऊन टाक, खाली माझं नाव लिही."

तो हसला नाही. "हाव का?" म्हणाला. स्कूटर चालू व्हायला वेळ लागला.

वाक्य चांगलं झालं होतं. पुढच्या आभारात वापरायचं म्हणून टिपून ठेवलं.

गुरुवार, २७ ऑगस्ट

चंद्रप्पाचा फोन. चारही भोंगे विकले. देगलूरच्या रुद्रेश म्हणून डीजेवाल्यानं नेले.

"अरे, का?"

"तुम्हीच म्हणला ना सर. आता हॉल होत न्हाईत म्हून."

"मी गंमत केली होती."

पलीकडं कुठल्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग, "तुम्ही गंमत करून राहिले ते कळलं न्हाई सर मला. बावीस वर्सं तुमचं ऐकतो, तुम्ही जे बोलता ते खरंच बोलता."

हे वाक्य इथं लिहून मी पुन्हा वाचलं. माझ्या कुठल्याही सत्काराच्या मानपत्रात असं वाक्य नाही, आणि स्तुती ऐकून बरं वाटलं नाही, असा अनुभवही आजवर नव्हता.

भोंगे तसेही जुने होते.

शुक्रवार, २८ ऑगस्ट

भोंगे जुने होते, हे मी काल दोनदा लिहिणार होतो.

रविवार, २५ ऑक्टोबर. दसरा

ऑनलाइन कविसंमेलन. कवी एकतीस, श्रोते अठ्ठावीस. याचा अर्थ तीन कवींनी स्वतःलासुद्धा ऐकलं नाही. प्रत्येकाची कविता 'करोना'वर. एका कवीनं मुखपट्टी लावूनच कविता म्हटली; सगळ्यांत चांगली तीच वाटली.

सोनं वाटण्याचाही कार्यक्रम झाला. प्रत्येकानं आपट्याचं पान कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि मग ते आपल्याच घरात ठेवायचं. बापूसाहेबांच्या हातात कढीपत्त्याचा टाळा होता. कुणी बोललं नाही; ज्येष्ठ आहेत.

दुसऱ्या लिंकवर चौघं. चंद्रप्पा नव्हता. मी दोनदा यादी वर-खाली केली. तो नायगावला साडूच्या पिठाच्या गिरणीवर बसतो म्हणे आता. गिरणीच्या आवाजात माझे आभार ऐकू येणार नाहीत, हे खरं. आभार नऊ मिनिटांत आटोपले.

शिल्पा म्हणाली, "आज लवकर झालं?"

"श्रोते नव्हते."

"तसे ते कधी होते?"

मंगळवार, १७ नोव्हेंबर

दिवाळीला चंद्रप्पा गावात आला होता. आज ओसरीवर बसला. हातांच्या रेषांत पीठ. अंगानंही उतरलाय.

अँप्लीफायर आणि दोन मोठे बॉक्स अजून आहेत. रुद्रेश तेही मागतो. "दत्तजयंतीपतोर सांगतो म्हणलं त्याला. कमलम्मा रोज म्हणते, विका, जागा तर व्हईल." कमलम्मा त्याची बायको. "मी म्हणलं तिला, एक सुपारी येऊ दे. एकच. कुणीतरी बोलावलं, की मग मी रुद्रेशला न्हाई म्हणू शकतो. न बोलावता कसं न्हाई म्हणू? तो म्हणंल, कुणासाठी ठिवून राहिला?"

मी विचारलं, पैशाचं काही...? तो झटकन उठला. "पैसे गिरणी देती सर. सामान गिरणी देत न्हाई."

तो गेल्यावर शिल्पा उंबऱ्यात उभी. म्हणाली, "मार्चपासून तुमच्या आभारात त्यांचं नाव एकदाही आलेलं नाही."

"तुला काय माहीत?"

"मी ऐकते. दुसरं कोण ऐकतं?"

माईक अजून आमच्याकडंच आहे. त्याच्यावर मनस्विनीनं तिची टोपी अडकवली होती. मी ती काढली. का काढली ते सांगता येत नाही. टोपीला दुसरी जागा होती, माईकला नव्हती.

सोमवार, १४ डिसेंबर. आगाऊ येळवस

शिल्पाचं माहेर शिरूर अनंतपाळ. तिकडं येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, गावंच्या गावं शेतात जातात, ज्याचं शेत नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून नेतं, भाज्या-डाळींच्या भज्जीला आणि आंबिलीला बसवतं. खरी येळवस पुढच्या अमावास्येला, जानेवारीत; पण वर्षाच्या आत उरकायची म्हणून आमच्या मंडळानं यंदा आजच्याच अमावास्येला 'आभासी येळवस' केली. प्रत्येकानं मागं शेताचं चित्र लावायचं आणि पुढं ताट घ्यायचं. बापूसाहेबांच्या मागं परदेशातली फुलं आणि एक पवनचक्की. त्यांनी मान हलवली की अर्धा कान पवनचक्कीत जायचा. अठ्ठेचाळीस माणसं आवाज बंद करून, कॅमेऱ्याकडं बघत, भज्जी चावत होती. मी आयुष्यात पुष्कळ सांस्कृतिक कार्यक्रम पाहिले, दातांचा पहिलाच.

शिल्पानं मध्येच लॅपटॉप मिटला. "येळवस एकट्यानं खायची नसते," म्हणाली. भज्जीचा डबा, बाजरीचे उंडे, आंबिलीची बाटली एका पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "चंद्रप्पा भाऊंच्या घरी."

चंद्रप्पा नायगावला होता. कमलम्मानं दार उघडलं. एकच खोली. एका भिंतीला ते दोन बॉक्स, त्यावर अँप्लीफायर, सगळ्यावर स्वच्छ प्लॅस्टिक. वर कोपऱ्यात चार खिळे, भोंगे टांगायचे. त्या बॉक्सांमुळं खाट आडवी लागत नव्हती. उभी टेकून ठेवलेली.

"ह्ये बघा सर," ती म्हणाली, "रोज फोन करतो, पुसलं का म्हणून विचारतो. बायकोला दोन दिसाला एकदा विचारतो, बॉक्सला रोज." डबा हातात घेऊन हुंगला. "शिल्पाताईनं केलीय? चिंच बराबर हाय."

मी विचारलं, विकणार का?

"त्याला विचारा. मी तर म्हणते विका. मंग त्याचं त्वांड बघवत न्हाई म्हणून पुसत बसते."

परत येताना मी कुठलंही वाक्य टिपून ठेवलं नाही.

शनिवार, १९ डिसेंबर

बैठक. आता पन्नास माणसांची परवानगी आहे, तर वर्षाचा समारोप हॉलमध्ये करावा, असं ठरलं. रविवार, सत्तावीस तारीख. मला वाटलं, झालं. दत्तजयंती एकोणतीसला.

मी म्हणालो, चंद्रप्पाला सांगून टाकू.

बापूसाहेब म्हणाले, "पन्नास माणसाला माईक कशाला व्यंकटराव? मोठ्यानं बोलू."

"माईकशिवाय समारोप कसा?"

"ऐका. हॉलवाला दोनच तास देऊन राहिला. चार ते सहा. सहाला तो फवारणी करतो, माणूस आत असला तर माणसावरबी. माईक लावायला, काढायला अर्धा तास जातो. तो अर्धा तास आणू कुठून? प्रमुख पाहुण्यातून? का माझ्या अध्यक्षीयातून?"

 बापूसाहेबांच्या अध्यक्षीय भाषणातून वेळ काढायची कल्पना मंडळाच्या इतिहासात कुणाला सुचलेली नाही, आणि सुचलेला माणूस पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीत दिसलेला नाही.

या आठ महिन्यांत मी फक्त एका गोष्टीसाठी भांडलो. चाळीस मिनिटांशी, दुसऱ्या लिंकशी, स्वतःच्या मुलीच्या हसण्याशी. आणि समारोपाचे आभार मी लिहूनही ठेवले होते. पाच पानं. पहिल्या पानावर, अध्यक्षांच्याही आधी, चंद्रप्पा साऊंड सर्व्हिस. हॉलमध्ये, माईकवर, पन्नास माणसांसमोर. चांगलं जमलं होतं.

मी म्हणालो, "आभार काढून टाका."

इतकी शांतता झाली की मला वाटलं चाळीस मिनिटं संपली.

"तुम्ही?" बापूसाहेब म्हणाले. "बरं वाटत न्हाई का? ताप हाय का?"

"ताप नाही. आभाराची वीस मिनिटं आणि त्याआधीची पाठ्यपुस्तकासारखी शिस्तबद्ध दहा मिनिटांची चुळबूळ. झाला अर्धा तास. त्यात माईक लावा."

"मंग तुम्हीच सांगून टाका चंद्रप्पाला."

"नाही. अध्यक्षांनी फोन करायचा असतो. आणि माझं नाव घेऊ नका. मंडळानं बोलावलं म्हणा."

बैठक संपल्यावर मनस्विनीनं विचारलं, "बाबा, आभार का काढले?"

म्हटलं, "कंटाळा आला."

ती माझ्याकडं तशीच बघत राहिली, पण या खेपेला ती दया नव्हती. काय होतं ते मला ओळखता आलं नाही. पाच पानं टेबलाच्या खणात ठेवली. पाठकोरी आहेत, गृहपाठाचे गुण मांडायला उपयोगी पडतील.

रविवार, २७ डिसेंबर

समारोप झाला. पन्नासच माणसं, एकमेकांपासून दोन खुर्च्या सोडून. पाहुणे मुखपट्टीतून बोलले, बापूसाहेब मुखपट्टी हनुवटीला लावून बोलले. दीप पहिल्या काडीला पेटला; हॉलमधला पंखा बंद पडलेला असतो. ईशस्तवन चौघींनी एकाच ठिकाणी उभं राहून म्हटलं आणि चौघी एकदम संपल्या. हे इतकं विचित्र वाटलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चंद्रप्पा तीनपासूनच हॉलच्या दारात आलेला. इस्त्रीचा सदरा. माईक मी घरून नेऊन दिला, तर त्यानं आधी रुमालानं पुसला. पूर्ण कार्यक्रमभर तो त्याच्या नेहमीच्या जागी, व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, अँप्लीफायरजवळ बसून होता. पाहुण्यांचा आवाज जरा खाली, बापूसाहेबांचा जरा वर, प्रत्येकाचं त्याला पाठ. मी पहिल्यांदाच हे बघितलं. एरवी माझं लक्ष यादीत असतं.

पावणेसहाला सूत्रसंचालिकेनं सांगितलं, 'वेळेअभावी आभार वगळून कार्यक्रम इथं संपला असं जाहीर करते.' कुणीतरी मागून "अरे वा" म्हणालं. माणूस कोण ते मी ओळखलं. असू दे.

लोक खाली चहाला गेले. पाहुण्यांसोबत चहा हा आभारप्रदर्शकाचा हक्क. बावीस वर्षं मी तो सोडला नाही. आज मी वरच थांबलो. चंद्रप्पा अजून बटणावर हात ठेवून उभा.

"सर, तुमचं आभार?"

"वेळ नव्हता."

"आवं, पण..." तो बटणाकडं बघत म्हणाला. "मी आवाज वाढवून ठिवला व्हता."

"पुढच्या वेळी."

"हाव. पुढच्या वेळी." मग बटण खाली आणत: "बापूसाहेबाचा फोन आला तसा मी रुद्रेशला कळवलं. म्हणलं, आमच्या मंडळाची सुपारी आलीय, आता न्हाई जमत. त्यो म्हणला, एका कार्यक्रमावर काय व्हतं? म्हणलं, तुला न्हाई कळायचं." तो हसला. "मघाशी सामान चढवताना खाली एकानं नंबर घेतला. लोह्याला साखरपुडा हाय म्हणे. पन्नास माणसाचाच. बघू."

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. सतरा मिनिटं बोलू शकलो असतो. पण ते नेहमी पन्नास-शंभर माणसांकडं बघून बोलायची सवय; एका माणसाकडं बघून म्हणायला गेलं की तोंडात शब्द बसेना. सहाला फवारणीवाला येणार होता. मी वायरचं एक टोक उचललं.

"ऱ्हाऊ द्या सर, तुम्ही कुठं..."

"धर तू."

वायर गुंडाळायची एक रीत असते, ती आज कळली. कोपराला वेढे देत गुंडाळायची नाही, आतली तार पिळते. एक वेढा सरळ घ्यायचा, दुसरा मनगट वळवून उलटा, मग पुन्हा सरळ. म्हणजे पुढच्या वेळी टाकली की सरळ पळते, गाठ पडत नाही. तो हे सांगत होता, खालून कपबशांचा आवाज येत होता, कुणीतरी 'आभारवाले सर कुठं गेले' म्हणून विचारत होतं.

मी दोनदा चुकलो. दोन्ही वेळा त्यानं वायर माझ्या हातातून घेतली, सोडली आणि परत दिली. तिसऱ्या वेळी त्यानं हात पुढं केला नाही. बॉक्स उचलायला वळला.